जमिनीचा पालट आणि कर्बाचा जमाखर्च : प्रस्तावना

जमीन मोजावी, तिची प्रत ठरवावी, ती काय देऊ शकेल याचा अदमास बांधावा आणि तो दप्तरी नोंदवून ठेवावा, हा उद्योग नगरच्या मुलखाला नवा नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने निजामशाहीच्या मुलखात जमिनीची प्रत व प्रत्यक्ष उत्पन्न पाहून धारा बांधण्याची जी वहिवाट घातली तिचा नावलौकिक त्याच्या राज्याहून अधिक काळ टिकला. आणि पेशवाई संपल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट या अंमलदारांनी इंदापुरापासून सुरू केलेली पैमाईश जेव्हा दख्खनभर पसरली, तेव्हा शेताशेतात खड्डा घेऊन मातीची खोली, तिचा रंग आणि तिच्यातील दोष पाहण्याची शिस्त सरकारी दप्तरास लागली. या साऱ्या खटाटोपामागे प्रश्न एकच होता : जमिनीकडून सरकारास काय येणे आहे? तीच जमीन एका वापरातून दुसऱ्या वापरात गेली म्हणजे तिच्यातला किती कर्ब वातावरणात जातो, आणि तो कोणाच्या नावे खर्ची टाकावयाचा, हा प्रश्न विचारण्याचे कारण त्या काळी कोणास पडले नव्हते. ते आता पडले आहे, आणि प्रस्तुत ग्रंथ त्याच प्रश्नास वाहिलेला आहे.

विषयाशी अपरिचित असलेल्या वाचकासाठी त्याचे मूळ थोडक्यात सांगणे अवश्य आहे. उसापासून वा मक्यापासून केलेले इथेनॉल इंजिनात जळते तेव्हा बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हा त्या पिकाने काही महिन्यांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. म्हणून खनिज तेलाच्या जागी असे इंधन वापरले तर वातावरणावर नवे ओझे पडत नाही, असा युक्तिवाद प्रथमदर्शनी बिनतोड वाटतो. परंतु पीक जमिनीवर येते, आणि जमीन रिकामी नसते. रान तोडून किंवा माळ नांगरून इंधनाचे पीक घेतले, तर झाडोऱ्यात, मुळांत आणि मातीत वर्षानुवर्षे साठलेला कर्ब मोकळा होतो. हा प्रत्यक्ष पालट. याउलट, पूर्वीपासून लागवडीखाली असलेल्या शेतातले धान्य इंधनाकडे वळले, आणि त्या धान्याची उणीव भरून काढण्यासाठी दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या प्रांतात किंवा समुद्रापलीकडे कोणी नवी जमीन मोडली, तर तो अप्रत्यक्ष पालट. पहिला डोळ्यांनी पाहता येतो. दुसरा कोणत्याही सातबाऱ्यावर सापडत नाही, तो केवळ अनुमानाने जाणावा लागतो. आणि गेली सतरा-अठरा वर्षे या शास्त्रात जो वाद चालला आहे तो मुख्यतः या दुसऱ्याचा आहे.

वादाला तोंड फुटले ते फेब्रुवारी २००८ मध्ये. ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध प्रसिद्ध झाले. फार्जोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कर्बाचे कर्ज’ ही कल्पना मांडली : जमीन मोडताना जो कर्ब हवेत जातो तो कर्जासारखा असून जैवइंधनाच्या वापराने दरवर्षी होणाऱ्या बचतीतून तो फेडावयाचा असतो. ब्राझीलच्या सेर्रादो प्रदेशात ऊस लावला तर ही फेड सुमारे १७ वर्षांत होते, परंतु इंडोनेशिया-मलेशियातील दलदली अरण्य तोडून पाम लावले तर तिला ४२३ वर्षे लागतात, असा त्यांचा हिशेब होता. सर्चिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पुढे जाऊन अमेरिकेतील मक्याच्या इथेनॉलाला जागतिक बाजाराच्या प्रतिमानात बसविले, आणि अप्रत्यक्ष पालट जमेस धरल्यास तीस वर्षांच्या मुदतीत हे इंधन पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट उत्सर्जन करते, असा निष्कर्ष काढला. तोवर जैवइंधन म्हणजे निरपवाद पुण्यकर्म अशी समजूत होती. या दोन निबंधांनी ती संपुष्टात आणली.

पुढे जे संप्रदाय निर्माण झाले त्यांची सरमिसळ पुष्कळ होते, म्हणून त्यांचे वेगळेपण येथे नमूद करतो. पहिला संप्रदाय साठ्यांच्या खतावणीचा. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेत जमिनीचे सहा वर्ग आणि कर्बाचे पाच साठे (जमिनीवरचा झाडोरा, जमिनीखालची मुळे, मेलेले लाकूड, पालापाचोळा आणि मातीतील सेंद्रिय कर्ब) कल्पिले असून, एका वर्गातून दुसऱ्यात जाताना साठ्यात पडणारा फरक वीस वर्षांत विभागावा असा सामान्य प्रघात आहे. दुसरा संप्रदाय अर्थशास्त्रज्ञांचा : पर्ड्यू विद्यापीठाचे जीटॅप, युरोपीय आयोगासाठी वापरलेले मिराज, ऑस्ट्रियातील ग्लोबायोम ही त्यांची प्रतिमाने किंमती, मागणी व व्यापार यांच्या साखळीतून जमिनीच्या पालटाचा अंदाज बांधतात. तिसरा संप्रदाय उपग्रहचित्रांवर व प्रत्यक्ष पीक-आकडेवारीवर विसंबणारा, आणि प्रतिमानांनी भाकीत केलेली नवी जमीन खरोखर मोडली गेली काय, की त्याच जमिनीत दुबार पीक घेऊन गरज भागली, असे परखडपणे विचारणारा. या तिसऱ्या वाटेने जाणारे सगळेच जैवइंधनाचे कैवारी ठरले असे मात्र नाही. लार्क व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतील प्रत्यक्ष भूवापर तपासून मक्याच्या इथेनॉलाचे उत्सर्जन पेट्रोलहून कमी तर नाहीच, उलट निदान २४ टक्क्यांनी अधिक असावे असे प्रतिपादन केले, आणि त्यावर अमेरिकेच्या ऊर्जा-खात्याच्याच प्रयोगशाळेतील विद्वानांनी कडक आक्षेप घेतले. चौथा पक्ष युरोपीय कायदेपंडितांचा. आकडाच निश्चित होत नसेल तर ‘अधिक जोखमीचे’ व ‘कमी जोखमीचे’ असे कच्च्या मालाचे वर्ग पाडावेत, हा त्यांचा व्यवहारी तोडगा २०१८-१९ पासून अमलात आहे. मला तो शास्त्राचा पराभव वाटत नाही. अनिश्चिततेची प्रामाणिक कबुली कायद्यात आणण्याचा तो एक मार्ग आहे.

अनिश्चितता किती, हे एका उदाहरणावरून दिसेल. कॅलिफोर्निया राज्याने २००९ मध्ये उसाच्या इथेनॉलावर अप्रत्यक्ष पालटापोटी दर मेगाज्यूलला ४६ ग्रॅम उत्सर्जन आकारले होते. २०१५ मध्ये तोच आकडा ११.८ झाला. मध्यंतरीच्या सहा वर्षांत ब्राझीलमधील उसात असा काही चमत्कार झाला नव्हता. बदलली ती प्रतिमानातील गृहीतके. त्याच वर्षी युरोपीय संघाने साखर-पिकांसाठी १३ आणि तेलबियांसाठी ५५ हे आकडे आपल्या निर्देशात घातले, तर ग्लोबायोमच्या अभ्यासाने पामतेलासाठी २३१ हा आकडा दिला. पेट्रोलचे स्वतःचे उत्सर्जन सुमारे ९४ ग्रॅम धरतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांच्या चढउताराचा अर्थ ध्यानात येतो.

आता स्वदेशी येऊ. अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंतचा अहमदनगर, आणि बोलण्यात अद्यापही नुसते नगर) क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. पश्चिमेस अकोले तालुक्याचा धो धो पावसाचा डांगाण, आणि पूर्वेस पाथर्डी, जामखेड, कर्जत हा अवर्षणाचा पट्टा. या दोहोंच्या मधोमध, गोदावरी-प्रवरेच्या पाटपाण्यावर उसाचा प्रदेश उभा आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोदावरीचे कालवे वाहू लागले, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, हरेगावला बेलापूर कंपनी व टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स असे खाजगी कारखाने निघाले. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीस प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी केली ती १९४८ साली, आणि पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्याच १९४८ साली दिल्लीत इंडियन पॉवर अल्कोहोल अॅक्ट संमत झाला, म्हणजे पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना सहकारी साखरेइतकीच जुनी आहे, ही गोष्ट आज इथेनॉलला नवलाई समजणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. कायदा मात्र दप्तरात पडून राहिला. खरी चालना मिळाली ती २००१ मध्ये, जेव्हा मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प देशात तीन ठिकाणी सुरू झाले, त्यांत एक मिरजेचा आणि एक आपल्या शेजारच्या मनमाडचा होता. २००३ मध्ये ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम आला, २०१८ च्या धोरणाने बी-हेवी मळी (साखर पुरती न काढता घेतलेली) व प्रत्यक्ष रस यांपासून इथेनॉल करण्याची वाट मोकळी केली, जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले, आणि २० टक्क्यांचे उद्दिष्ट, जे मूळचे २०३० चे होते, ते २०२५ मध्येच पुरे झाल्याचे जाहीर झाले.

या इतिहासाचा आपल्या हिशेबाशी संबंध असा की, नगरमधील उसाचा प्रत्यक्ष पालट बव्हंशी जुना आहे. प्रवरेच्या व गोदावरीच्या कालव्यांखालची जमीन शतकापूर्वीच जिरायतीतून बागायतीत गेली; मुळा धरणाखालच्या जमिनीलाही आता सुमारे पन्नास वर्षे झाली. युरोपीय नियम जानेवारी २००८ पूर्वीचा पालट पाहतच नाहीत, वीस वर्षांची मुदतही केव्हाच उलटली. म्हणून त्या नियमांनी पाहिल्यास येथील ऊस जवळपास निष्कलंक ठरतो. हा निकाल खोटा नाही, परंतु अपुरा आहे, आणि तो अपुरा का, हे कळण्यासाठी एका हेक्टराचा जमाखर्च मांडून पाहणे उचित होईल.

नगरच्या काळ्या-मध्यम जमिनीत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असणे ही सामान्य गोष्ट आहे. एका हेक्टरात ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत सुमारे ३,९०० टन माती असते. म्हणजे कर्ब साडेएकोणीस टन, आणि कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सुमारे ७१ टन. समजा, पालटामुळे हे प्रमाण ०.५ वरून ०.४ टक्क्यावर आले, तर १४.३ टन वायू हवेत गेला. वीस वर्षांत विभागला तर दरसाल ७१५ किलो. आता हेक्टरी ८० टन ऊस आणि टनास ७० लिटर इथेनॉल (थेट रसापासून) धरल्यास वर्षाला ५,६०० लिटर, म्हणजे सुमारे १,१७,६०० मेगाज्यूल ऊर्जा मिळते. भागाकार दर मेगाज्यूलला ६ ग्रॅम. त्याच मातीत, तितकीच झीज होऊन, हेक्टरी ३ टन मका आला व टनास ३८० लिटर इथेनॉल निघाले, तर ऊर्जा २४,००० मेगाज्यूलच्या आत राहते आणि भागाकार ३० ग्रॅमवर जातो. माती तीच, झीज तीच; फरक केवळ दर हेक्टरी निघणाऱ्या इंधनाचा. मुदत वीसऐवजी तीस वर्षांची धरली की हे आकडे अनुक्रमे ४ आणि २० होतात, आणि त्यासाठी कोणास शेतात पाऊलही टाकावे लागत नाही.

या गणितातला सर्वांत नाजूक आकडा तो ०.१ टक्क्याचा आहे. मृद आरोग्य पत्रिकेसाठी नमुना घेतात तो साधारणतः १५ सेंटिमीटर खोलीचा, आणि मार्गदर्शिकेला हवी असते ३० सेंटिमीटरची माती. प्रयोगशाळेत वापरली जाणारी १९३४ ची वॉकली-ब्लॅक पद्धत सेंद्रिय कर्बाचे पूर्ण ज्वलन करीत नाही, म्हणून तिच्या उत्तरास गुणक लावावा लागतो. आणि एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतील नमुन्यांत दशांश टक्क्याचा फरक सहज निघतो. शिवाय उसात पाचट न जाळता कुजविले तर कर्ब वाढूही शकतो, आणि जाळले तर वाढत नाही. त्या तुलनेत नत्राचा हिशेब पुष्कळ ठाशीव आहे : सुरू उसाच्या शिफारशीतील हेक्टरी २५० किलो नत्रापैकी एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडतो असे धरले, तर वर्षाला सुमारे १,०७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो, म्हणजे वरच्या कल्पित मातीच्या झिजेहून अधिक. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने हा भूवापराचा पालट नव्हे; पण बाजरीच्या शेतात ऊस आला तेव्हा हा नत्रही आला, हे विसरून चालणार नाही.

आणि हे सारे कोणाच्या नावे? मळी ही साखरेची अवशेष-वस्तू मानली, तर सी-हेवी (साखर पुरती काढून उरलेल्या) मळीपासूनच्या इथेनॉलावर शेताचा बोजा अत्यल्प पडतो. उसाच्या टनामागे त्याचे उत्पन्नही जेमतेम दहा-अकरा लिटर. बी-हेवी मळी घेतली की टनाला वीसेक लिटर निघतात, पण साखर घटते. रसच घेतला की साखर उरतच नाही, आणि साऱ्या शेताचा खर्च इंधनाच्या खात्यावर येतो. धोरणाची वाटचाल २०१८ पासून पहिल्याकडून तिसऱ्याकडे झाली आहे. हिशेबाची पद्धत मात्र पुष्कळ अहवालांत अजून पहिल्यावरच थबकलेली दिसते, आणि माझ्या मते ही या विषयातील सर्वांत सोयीस्कर विस्मृती आहे.

न झालेल्या साखरेचे पुढे काय होते, हे पाहू गेल्यास नगरचा धागा थेट ब्राझीलपर्यंत पोहोचतो. भारताने २०२२ पासून साखरेच्या निर्यातीवर निर्बंध घातले. जगाच्या बाजारात जी तूट पडते ती भरून काढण्याचे सामर्थ्य प्रामुख्याने ब्राझीलपाशी, आणि तेथे ऊस कुरणांवर पसरला की गुरे आणखी आत सरकतात. या साखळीचा प्रत्येक दुवा संभाव्य आहे, एकही सिद्ध नाही; म्हणूनच तिचे मोल प्रतिमानाशिवाय ठरत नाही. मक्याची साखळी याहून आखूड आणि स्पष्ट आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी अवर्षणाच्या धास्तीने केंद्र सरकारने रसापासूनच्या इथेनॉलावर बंधन घातले, मका हाच इथेनॉलाचा सर्वांत मोठा एकेरी कच्चा माल बनला, आणि एके काळी मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये म्यानमार व युक्रेनकडून तो आणवू लागला. कोंबडीखाद्याचा मका टाकीत गेला आणि खाद्यासाठी परक्या जमिनीवरचा मका आला. अप्रत्यक्ष पालट समजावून देण्यास याहून सरळ दाखला मिळणे कठीण.

चाऱ्याची गोष्ट या दोहोंहून गुंतागुंतीची, आणि परदेशी प्रतिमानांत तिला जवळजवळ स्थान नाही. रब्बी ज्वारीचे क्षेत्र घटले की दाणा घटतो, त्याहून अधिक जाणवतो तो कडब्याचा तुटवडा. पण ऊस वाढला की वाढे मिळते, आणि २०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळांत चारा छावण्यांतून उभा ऊसच जनावरांपुढे टाकला गेला. मग वाढ्याला जमेची बाजू द्यावी काय? द्यावी, असे मी म्हणेन, पण कडब्याच्या कसाशी तुलना करूनच.

जैवइंधनाचा दुसरा अध्याय, बायोडिझेलचा, नगरकडे निराळ्या वाटेने आला. नियोजन आयोगाच्या २००३ च्या अहवालाने देशात १ कोटी ३४ लाख हेक्टर जमीन जट्रोफासाठी, म्हणजे आपल्याकडच्या मोगली एरंडासाठी, योग्य ठरविली. तीत ‘पडीक’ जमिनीचा वाटा मोठा होता. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत येथील माळ आणि गावोगावची गायराने महसुली दप्तरात ज्या सदराखाली येतात ते सदर सारा न देणाऱ्या जमिनीचे आहे, निरुपयोगी जमिनीचे नव्हे. या माळांवर धनगरांच्या मेंढ्या चरतात. रेहेकुरीच्या अभयारण्यातील काळवीट आणि सोलापूर-नगरच्या हद्दीतील, १९७९ पासून राखीव असलेला माळढोकाचा प्रदेश हे याच गवताचे आश्रित आहेत. आणि गवताचा कर्ब जमिनीवर दिसत नसला तरी मुळांत व मातीत असतो. तथापि आंतरराष्ट्रीय विमान-वाहतुकीच्या कोर्सिया योजनेत भारतीय जट्रोफाला अप्रत्यक्ष पालटापोटी ऋण आकडा, म्हणजे चक्क सूट, दिलेली आहे, कारण ओसाड भूमीवर झाडोरा वाढून कर्ब साठेल असे तेथे गृहीत आहे. जमीन खरोखर ओसाड असेल तर हे गृहीतक रास्त. ती चराऊ असेल, तर मेंढ्या दुसरीकडे जातील आणि सूट कागदावर राहील. बहुतेक ठिकाणी जट्रोफाचे उत्पन्नच अपेक्षेप्रमाणे आले नाही, म्हणून हा वाद शमला. निकाल लागला म्हणून नव्हे.

हा वाद आता पुन्हा उपस्थित होण्याची चिन्हे आहेत. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीस गेलेल्या एका प्रवासी विमानात स्वदेशी कच्च्या मालापासून केलेले इंधन मिसळले होते. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी १ टक्का मिश्रणाचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे, आणि कोर्सियाचे बंधन भारतास त्याच वर्षापासून लागू होते. म्हणजे आजवर विद्वानांच्या वादात राहिलेला अप्रत्यक्ष पालटाचा हा आकडा लवकरच कारखान्याच्या ताळेबंदात उतरणार. दर मेगाज्यूलला चार ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर माल घेतला जाईल की नाकारला जाईल हे त्यावर ठरेल. अशा वेळी आपल्या जमिनीचे आकडे आपण न मोजता परक्यांच्या प्रतिमानातील सरासरीवर सोपविणे हे शहाणपणाचे होणार नाही. आणि मोजण्याची साधने पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. गाव नमुना बारामधील पीकपाहणी, तिचे २०२१ पासूनचे मोबाइलवरील रूप, १९७२ पासूनची लँडसॅट व १९८८ पासूनची भारतीय उपग्रहचित्रे, कारखान्यांच्या ऊस-नोंदी, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे माती-विश्लेषण : यांतले प्रत्येक साधन सदोष आहे, तलाठ्याने चावडीत बसून भरलेली पीकपाहणी तर विशेषच, परंतु एकाचे दोष दुसऱ्याने उघडे पाडावेत इतकी ती परस्परांहून भिन्न आहेत.

प्रस्तुत संग्रहाचा प्रयत्न हाच आहे. त्यातील लेखक मृदाशास्त्र, अर्थशास्त्र, दूरसंवेदन आणि सहकार अशा निरनिराळ्या क्षेत्रांतून आले असून त्यांचे परस्परांशी एकमत नाही, आणि ते घडवून आणण्याचा खटाटोप संपादकांनी केलेला नाही, हे मी ग्रंथाचे बलस्थान समजतो. जिल्ह्याच्या एकाच आकड्याची अपेक्षा धरून पुस्तक उघडणाऱ्या वाचकाची निराशा होईल. येथे आकडे तालुकावार व पीकवार आहेत. प्रत्येकाशेजारी त्याची मुदत, मातीची खोली, उपपदार्थांची वाटणी आणि ‘एरवी या जमिनीवर काय झाले असते’ याविषयीचे गृहीतक मांडले आहे, आणि ते बदलले असता उत्तर किती हलते हेही दाखविले आहे. पाण्याचा प्रश्न मात्र मुद्दाम कर्बाच्या खात्याबाहेर ठेवला आहे. हिवरे बाजारसारख्या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून उसाला मनाई केली ती कर्बासाठी नव्हे, आणि दोन हिशेबांची बेरीज करून एकच निकाल देण्याचा मोह लेखकांनी टाळला हे योग्यच झाले. गायरानांवरील लेख मला सर्वांत मोलाचे वाटतात, तर इथेनॉलच्या वाहतुकीवरील विवेचन गरजेपेक्षा लांबले आहे असेही नमूद करणे भाग आहे. मराठीत या विषयाची परिभाषा अद्याप स्थिरावलेली नाही. संपादकांनी जिथे शेतकऱ्याच्या व तलाठ्याच्या तोंडचा शब्द मिळाला तिथे तोच ठेवला, आणि जिथे मिळाला नाही तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत घेतला. परिशिष्टातील कोष्टके कोरी व भरलेली अशा दोन्ही रूपांत दिली आहेत, जेणेकरून कोपरगावच्या वा शेवगावच्या वाचकास स्वतःच्या गटाचा माती-परीक्षण अहवाल आणि गेल्या वीस वर्षांचे नमुना बाराचे उतारे हाताशी घेऊन तेथील आकड्यांच्या जागी आपले आकडे घालता येतील.